चौगुले अण्णांची थंडीतली फेरी

परवा कुंडलला चौगुले अण्णांच्या फोटोला हार घालायचा कार्यक्रम झाला. मीही गेलो होतो. एक वक्ते उठले. आरोग्य खात्यातले होते, अण्णा नोकरीत असताना बहुधा शाळेत असतील. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "चौगुले हे अत्यंत शांत, संयमी आणि मितभाषी कर्मचारी होते." टाळ्या पडल्या. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी उठलो, बाहेर आलो आणि चपला शोधायला लागलो.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, हे मला कळतं. पण निदान त्या माणसाबद्दल तरी बोला. अण्णांएवढा तापट माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मी पाहिला नाही. ते सकाळी उठायचे तेच कुणावर तरी चिडलेले. कुणावर ते दात घासून झाल्यावर ठरायचं. शांत म्हणे. अण्णांनी हे भाषण ऐकलं असतं तर माईक उपटला असता.

अण्णांचं पूर्ण नाव जिनाप्पा चौगुले. कुंडलच्या जैन शेतकऱ्याचं घर, थोडा ऊस होता, तो धाकटा भाऊ बघायचा. अण्णा होते देवीडॉक्टर. आता हा शब्दच गेला, म्हणून सांगतो. ते डॉक्टर वगैरे नव्हते. देवीच्या रोगाची लस टोचत गावोगाव फिरणारा सरकारी माणूस, त्याला लोक देवीडॉक्टर म्हणायचे. सत्तरच्या सुमाराला त्यांची नेमणूक पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाच्या डोंगरात झाली. मी उंब्रजचा शिंदे, तिथल्याच सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. फेरीला जोडीला माणूस लागायचा आणि अण्णांच्या मागे फटफटीवर बसायला दुसरं कुणी तयार नसायचं, म्हणून मी.

फेरी थंडीतच निघायची. पावसाळ्यात त्या डोंगरात फटफटी सोडा, बकरीसुद्धा जात नाही. ओढे उतरून वाटा मोकळ्या व्हायला दिवाळी उलटायची. उन्हाळा लागला की वाड्यांतली निम्मी माणसं मुंबईला नाहीतर घाटाखाली पोटामागे गेलेली. माणसं घरात सापडायची ती मार्गशीर्ष-पौषात. मग आम्ही सहा-सात दिवसांसाठी निघायचो. एक खिंड चढायची, पलीकडच्या वाड्या करायच्या, तिथेच देवळात झोपायचं, सकाळी पुढची खिंड. फटफटी अण्णांची स्वतःची. गावच्या एका सुभेदाराकडून जुनी बुलेट घेतली होती आणि तिच्याबरोबर त्याचा लष्करी कोटही. कोट अण्णांना घोट्यापर्यंत यायचा. निघताना ते शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालायचे, आणि अग्रलेखाचं पान अंगाला लागेल असं. "त्यात लय ऊब असती," म्हणायचे, "नुसती वाफ हाय."

कोयनेच्या खोऱ्यातली थंडी काय असते, ते साताऱ्यात बसून कळत नाही. सकाळी धुकं एवढं की पुढचं चाक दिसायचं नाही. कारवीच्या झुडपांवरचं दहिवर अंगावर पडून गुडघे भिजायचे. बोटं इतकी बधिर व्हायची की ब्रेक दाबला की नाही ते गाडी थांबल्यावर समजायचं. दर थोड्या वेळाने उतरून आम्ही इंजिनाला हात शेकायचो. अण्णा शेकताना खात्याला शिव्या घालायचे. साहेबापासून सुरुवात करून थेट मंत्र्यापर्यंत जायचे. तेवढ्यात हात गरम व्हायचे.

पण मुंगी मारायची नाही. एकदा घाटातल्या वळणावर त्यांनी करकचून ब्रेक मारला. मी त्यांच्या पाठीवर आपटलो. वाटेत काळ्या मुंग्यांची रांग आडवी चालली होती. अण्णांनी मला उतरवलं, स्वतः उतरले आणि ती अवजड गाडी कडेच्या दगडांवरून ढकलत पलीकडे नेली. एका अंगाला दरी होती. मी म्हणालो, "आवं अण्णा, आपण दोघं खाली गेलो असतो म्हंजे?" तर माझ्यावरच उखडले. "मुंग्या रांगंत हाईत. दवाखान्यात माणसं रांग लावत्यात का कवा? गप ढकल."

दुसरा नेम जेवणाचा. सूर्य मावळला की अण्णा अन्नाला शिवायचे नाहीत. आता खोऱ्यात गाडी असली की चार-साडेचारलाच सूर्य डोंगराआड. त्यावर त्यांनी तोड काढली होती. सूर्य मावळला नाही, फक्त दिसत नाही, असं म्हणून ते गाडी सुसाट खिंडीवर न्यायचे आणि वरच्या उन्हात डबा उघडायचे. मला भूक असो नसो, मीही भाकरी खायचो. एकदा हेळवाकच्या बाजूला साहेबांची जीप आडवी आली. साहेब खाली उतरून सूचना द्यायला लागले आणि सूचना काही संपेनात. अण्णा एकदा साहेबांकडे बघायचे, एकदा पश्चिमेकडे. शेवटी त्यांनी कोटातून डबा काढला, जीपच्या बॉनेटवर मांडला आणि साहेबांच्या समोर उभ्या उभ्या जेवायला लागले. साहेब म्हणाले, "चौगुले, हे काय?" अण्णा घास गिळून म्हणाले, "तुमचं चालू द्या. तुमचं मावळत न्हाई, माझं मावळतंय." साहेबांनी ते लक्षात ठेवलं. पुढच्या बढतीच्या वेळी त्यांना ते आठवलं.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती सांगतो. 

ती घडली त्याच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही फेरीला निघायच्या बेतात होतो. कोट निघाला, पेट्रोल भरलं. तेवढ्यात हुकूम आला. तालुक्याला कुणा बड्या पाहुण्याच्या हातून नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. सगळ्या देवीडॉक्टरांनी तिकडे हजर व्हावं. कशाला, तर मोटार ज्या रस्त्याने येणार त्याच्या कडेचे दगड चुन्याने आणि गेरूने रंगवायला. अण्णांनी साहेबांच्या टेबलावर हात आपटला, खूप ओरडले, आणि शेवटी बादली घेऊन रस्त्याच्या कडेला बसले. नोकरी होती, दुसरं काय करणार? फेरीचे दिवस दगडांत गेले. मग लस संपली, मग कसलंसं सर्वेक्षण निघालं, मग ऊन तापलं. खिंडीपलीकडची कारवटवाडी त्या साली राहून गेली.

पुढच्या थंडीत आम्ही कारवटवाडीला पोचलो तेव्हा दुपार होती. पंधरा-वीस घरं असतील. फटफटीचा आवाज ऐकून पोरं पळत आली, बायका दारात आल्या. घराघरांतून चुलीवर काहीतरी चरचरत होतं, लसणाच्या फोडणीचा खाट सुटला होता, मला ठसका लागला. अण्णा एकेका दारापुढून चालत होते. वाडीच्या टोकाला धोंडीबा मोऱ्याचं घर. तिथे ते थांबले. चुलीचा धूर निघत होता, पण वास कसलाच नव्हता. "शिंदे," ते हळू म्हणाले, "ह्या घरात फोडणी न्हाई."

आपल्याकडे घरात देवी आली, म्हणजे कुणाच्या अंगावर देवीचे फोड उठले, की फोडणी द्यायची नाही, तळायचं नाही. देवीला ते सोसत नाही म्हणतात. सगळं अळणी, आळुमाळू चालायचं. रोग म्हणायचा नाही, आई आली म्हणायचं. आणि सरकारी माणसाला तर मुळीच सांगायचं नाही. अण्णा तडक दारात गेले. धोंडीबा आडवा झाला. साठीचा धिप्पाड गडी होता.

"आत कोण निजलंय?" अण्णांनी विचारलं.

"कुणी न्हाई."

"मग कालवणाला फोडणी का न्हाई?"

धोंडीबाने हात चौकटीला लावून दार अडवलं. त्याच्या काखेखालून मला आतलं दिसलं. दाराला कडुलिंबाचे डहाळे, कोपऱ्यात घोंगडीवर एक पोर, आणि लिंबाच्या डहाळीने तिला वारा घालत बसलेली म्हातारी, धोंडीबाची बायको. पोरगी सात-आठ वर्षांची असावी. तोंड दिसत नव्हतं. म्हातारी आतून म्हणाली, "मोठ्यानं बोलू नगा. आई निजलीया."

ती पोरगी धोंडीबाची नात. मामाकडे जाऊन आली होती, तिथून रोग घेऊन आली. तिसरा दिवस होता फोड उठल्याचा. आणि त्याच घरात, पलीकडच्या खणात, तिचा चार महिन्यांचा भाऊ तिच्या आईच्या मांडीवर होता. आईचं नाव पारू. बाप लष्करात, उत्तरेकडे कुठेतरी. घरात ही दोन पोरं सोडून सगळ्यांना कधी ना कधी लस मिळालेली होती. पोरीची राहून गेली होती. तिच्या लहानपणी देवीडॉक्टर आला तेव्हा ती आजोळी होती, आणि आदल्या साली तर कुणी आलंच नाही.

अण्णा म्हणाले, "तिला टोचून आता उपेग न्हाई. ह्या बारक्याला टोचतो. आज टोचलं तर सुटंल."

"आई घरात असताना कुणाच्या अंगाला लोखंड लागू देणार न्हाई," धोंडीबा म्हणाला. "ती कोपंल. ती आपसूक जाईल, मग या."

"ती जाईस्तोवर पोर ऱ्हात न्हाई. मग मी टोचाया नगं, मूठमाती द्याया यीन."

असं बोलतात का? चार महिन्यांच्या पोराच्या आजोबाच्या तोंडावर? मी अण्णांचा कोट मागून ओढला, पण शब्द गेला होता. धोंडीबाने त्यांना ढकललं. लहानखुरा माणूस, त्या मोठ्या कोटात अडखळून अंगणात पडला. वाडीची माणसं जमली. कुणी म्हणालं फटफटी दरीत लोटा, कुणी म्हणालं ह्यांना बांधा. अण्णा उठले, धूळ झटकली आणि धोंडीबाच्या अंगणातल्या दगडावर जाऊन बसले. "मी हितनं हालत न्हाई," एवढंच म्हणाले.

दिवस कलायला लागला. त्या वाडीत सूर्य लवकरच डोंगराआड जातो. तोवर म्हातारीला कुणीतरी सांगितलं असावं की हा सूर्य मावळल्यावर जेवत नाही. ती बाहेर आली. चिडलेलीच होती, पण हातात पितळी होती, दहीभाताची. अण्णांपुढे ठेवून म्हणाली, "खा. आन जा." अण्णांनी पितळी बाजूला सारली. "पोराला टोचू द्या, मग खातो."

म्हातारीचा चेहरा उतरला. देवी घरात असताना दारात आलेला माणूस उपाशी जाता कामा नये. कुणाच्या रूपाने कोण आलंय सांगता येत नाही, म्हणून भिकाऱ्यालाही विन्मुख धाडत नाहीत. अण्णांना हे चांगलं माहीत होतं. मी पुष्कळ जणांच्या तोंडून ऐकलंय की अण्णांनी तिथे उपोषण केलं. काही उपोषण वगैरे नव्हतं ते. निव्वळ राग होता, आणि त्या रागाला त्या म्हातारीचं कुठे दुखतं ते बरोबर सापडलं होतं. मला तेही आवडलं नाही. म्हातारी म्हणाली, "माझ्या दारात उपाशी बसून आमचं तळपट करतोस व्हय रं?" अण्णा म्हणाले, "व्हय." ऊन वरच्या कड्यावर गेलं, मग तिथूनही गेलं. पितळी तशीच राहिली.

सकाळी थंडीने अंग आखडलेलं. अण्णा त्याच दगडावर, कोट डोक्यावरून घेऊन. म्हातारी पुन्हा पितळी घेऊन आली. अण्णा मान हलवणार, तेवढ्यात तिच्या मागून पारू बाहेर आली. पोराला पदरात घेतलं होतं. सासऱ्याकडे तिने पाहिलं नाही. पोर अण्णांच्या मांडीवर ठेवलं आणि सासूला म्हणाली, "आत्याबाय, तुमच्या ल्योकाला टोचल्याबिगर भरतीत घेतलं न्हाई. बापाच्या अंगाला चालतंय ती सुई पोराच्या अंगाला का चालत न्हाई?"

म्हातारी खाली बसली. धोंडीबा दारात उभा होता. मला वाटलं आता तो धावून येणार. तो आला, पण अण्णांच्या पुढ्यात उकिडवा बसला. अण्णांनी सुई काढली होती. धोंडीबा म्हणाला, "टोच. पर मला एक सांग. गेल्या साली का न्हाई आलास? गेल्या साली आला असतास तर आत निजलीया तिला बी टोचलं असतंस न्हवं?"

  अण्णांचा सुई धरलेला हात तसाच राहिला. साहेबाचं नाव त्यांना घेता आलं असतं. हुकमाचं सांगता आलं असतं.

"दगडं रंगवत हुतो," ते म्हणाले.

"काय?"

"रस्त्याकडंची दगडं. चुना लावत हुतो. मी याया पायजे हुतं."

मग त्यांनी पोराचा दंड पुसला आणि टोचलं. पोर रडलं. पितळीतला भात त्यांनी खाल्ला, सगळा. त्या दिवशी अख्खी वाडी रांग लावून टोचून घेऊन गेली, आणि अण्णा एकावरही ओरडले नाहीत.

खिंड उतरून आम्ही वर्दी दिली. साहेब जीपने खिंडीच्या पायथ्यापर्यंत आले. वर चढले नाहीत, थंडी होती. खालीच बसून त्यांनी अहवाल लिहिला, त्यात 'मुलगी, वय आठ' एवढंच होतं. पंधरवड्याने आम्ही पुन्हा गेलो. पोराच्या दंडावर टोचल्याची खपली धरली होती, बाकी अंग स्वच्छ होतं. पोरगी आम्ही निघून आल्यावर तिसऱ्या दिवशी गेली होती. धोंडीबाने अण्णांना घोंगडी टाकून बसवलं, पाणी दिलं.   साहेबाला आणून तिथे, त्या घोंगडीवर बसवायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. तो साहेब पुढे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाला. त्याने जे दगड आमच्याकडून रंगवून घेतले, त्यांचा रंग पहिल्या पावसात धुऊन गेला.

पुढे देवीचा रोग देशातून गेला. देवीडॉक्टरांना दुसरी कामं लावली. अण्णांची बदली सांगलीकडे झाली आणि ते कुंडलला घरून ये-जा करायला लागले. पण थंडी पडली की ते रजा टाकायचे, कोट चढवायचे आणि सगळ्या खिंडी करत कारवटवाडीला जाऊन यायचे. काही काम नसायचं. लोक म्हणायचे, अण्णांना त्या पोराचा लळा लागलाय. मीही तसंच समजत होतो. त्यांच्या भावकीतले सांगायचे की लहानपणी अण्णांची बहीण देवीने गेली, म्हणून. असेल. मला अण्णांनी कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

त्यांची माझी शेवटची भेट उंब्रजलाच झाली, एकोणऐंशी सालच्या थंडीत. सकाळी दारात फटफटी वाजली. अण्णा मला बरोबर न्यायला आले होते. मला रजा नव्हती. माझ्या बायकोने चहा दिला, तो त्यांनी उभ्या उभ्या घेतला, चहात साखर कमी म्हणून तिला बोलले, आमच्या रस्त्यावरून ग्रामपंचायतीला शिव्या दिल्या. केस पांढरे झाले होते. कोट आणखीच मोठा वाटत होता.

मी चिडूनच म्हणालो, "आवं अण्णा, रोग गेला, पोरगं शाळेत जायला लागलं. ह्या वयात त्या खिंडीत कशाला जाताय? पाय घसरला तर उचलायला बी कुणी नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "शिंदे, त्या पोरीचं नाव काय हुतं रं?"

मला माहीत नव्हतं. आठवून पाहिलं. त्या घरात तिला कुणी नावाने हाक मारलेली मी ऐकलीच नव्हती. अंगावर देवी आली की माणसाला नावाने बोलवत नाहीत. म्हातारी तिला आईच म्हणत होती. साहेबांच्या कागदात नाव नव्हतं. आणि आम्ही दोघं त्या पोराच्या मागे लागलेलो.

"मी बी इचारलं न्हाई," अण्णा म्हणाले. "दर साली त्यासाठीच जातो. धोंडीबापुढं बसतो, तोंड उघडतो आन पाण्यापावसाचं इचारून माघारी येतो. नाव इचारलं की त्यो पुन्हा म्हणंल, गेल्या साली का न्हाई आलास."

  ते बाहेर गेले, फटफटीला किक मारली. गाडी वाजायला लागली, कोट सावरून ते बसले, आणि पुन्हा इंजिन बंद करून माझ्याकडे वळले. साहेबाच्या जीपवर डबा मांडणारा माणूस, पण मला विचारताना हँडलकडे बघत होता.

"कसं इचारू रं?"

"हळू इचारा, अण्णा," मी म्हणालो. "तिच्या आईला इचारा."

"व्हय," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा किक मारली आणि मल्हारपेठच्या रस्त्याला लागले.